शाळेचे वय

रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, शताब्दी अशा निमित्तांनी निघणाऱ्या शाळांच्या स्मरणिका हा मराठीत पुष्कळ छापला जाणारा आणि फारच थोडा वाचला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. त्याचा घाट ठरलेला असतो. आरंभी मान्यवरांचे शुभेच्छासंदेश, मग संस्थापकांचे छायाचित्र, मुख्याध्यापकांचे मनोगत, लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झाल्याचे वाक्य किमान दोन ठिकाणी, निकालांचा तक्ता, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, आणि अखेरीस किराणा दुकानापासून सिमेंटच्या विक्रेत्यापर्यंत सर्वांच्या जाहिराती. मला ह्या स्मरणिका वाचायला आवडतात. ज्या गावांचा इतिहास कुणी लिहीत नाही, त्यांच्या इतिहासाची दोन-चार पाने तेथेच सापडतात. पहिला वर्ग कुणाच्या ओसरीवर भरला, घंटा म्हणून लोखंडाचा कोणता तुकडा टांगला होता, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गुरुजी किती दिवस अलीकडच्या गावात अडकून पडत, ही माहिती गॅझेटियरात मिळत नाही.

परंतु ह्या सगळ्या स्मरणिकांत शाळेचे वय एकाच रीतीने मोजलेले असते. स्थापनेचे किंवा शासनमान्यतेचे वर्ष चालू वर्षातून वजा केले की वय निघते. इमारतीचे वय काढायला ही रीत पुरेशी आहे. शाळेचे वय काढायला ती पुरत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे, आणि त्याला कारण झाला आमच्या भागातील एका कॅथॉलिक प्राथमिक शाळेचा रौप्यमहोत्सव.

मी एटापल्लीत महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी, जिची मातृभाषा माडिया आहे, मराठी विषय घेऊन पदवीधर झाली आणि पुढे मिशनच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली. महोत्सवाच्या काही आठवडे आधी ती घरी आली. म्हणाली, ‘‘सर, शाळेला पंचवीस वर्षं होत आहेत. स्मरणिका काढतो आहोत. सिस्टरांनी सांगितलंय, तुमच्या सरांकडून ‘शाळा आणि मातृभाषा’ यावर दोन पानं घेऊन ये.’’ मी विचारले, ‘‘कुणाची मातृभाषा?’’ ती हसली. ‘‘तेच तुम्ही लिहा ना, सर.’’

शाळेचे नाव येथे देत नाही. तिच्यासारख्या शाळा चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि मला जे म्हणायचे आहे ते तिच्या एकटीपुरते नाही.

लेख लिहायचा म्हणून ह्या शाळांचा पूर्वेतिहास पुन्हा चाळला. विदर्भात कॅथॉलिक शाळांची परंपरा जुनी आहे. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची. पण ती परंपरा रेल्वे, छावणी आणि कचेऱ्या असलेल्या शहरांची होती. वैनगंगेच्या ह्या बाजूला, सागवानाच्या जंगलात, ती फार उशिरा पोहोचली. १९६२ साली रोमने नागपूरच्या धर्मप्रांतातून चांद्याचा प्रदेश वेगळा काढला आणि तो केरळातील सिरो-मलबार चर्चच्या, त्यातही ‘सी. एम. आय.’ ह्या संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवला. केरळाबाहेर त्या चर्चला मिळालेले हे पहिले कार्यक्षेत्र. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये आदिलाबादचा भाग त्यातून वेगळा झाला. म्हणजे चांद्याचे मिशन गडचिरोली जिल्ह्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहे. जिल्हा १९८२ चा.

ह्या संघाचा आणि शाळेचा संबंध मुळापासूनचा आहे. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेले कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) यांनी १८४६ मध्ये मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली, आणि १८६४ मध्ये, चर्चच्या प्रशासनाची सूत्रे हाती असताना, प्रत्येक चर्चला जोडून एक शाळा असावी असा आदेश काढला. २०१४ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. मल्याळम भाषेत चर्चला ‘पळ्ळी’ म्हणतात, मशिदीलाही म्हणतात, आणि शाळेला म्हणतात ‘पळ्ळिक्कूडम’. आमच्या एटापल्ली, आलापल्ली, नागेपल्ली ह्या नावांतील ‘पल्ली’ म्हणजे गाव, वस्ती. हा शब्द तेलुगूच्या शेजारातून आपल्याकडे आला. ध्वनीच्या ह्या जवळिकीतून व्युत्पत्तीचे अनुमान काढण्याचा मोह मी आवरतो. पण केरळातून प्रथमच इकडे बदलून आलेल्या एखाद्या सिस्टरला एस. टी.च्या पाटीवरचे ‘एटापल्ली’ वाचून क्षणभर आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटले असेल, असे मनात आल्यावाचून राहात नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ह्या सिस्टर मराठी नव्हत्या. त्यांना मराठी शिकावी लागली, आणि ती त्यांनी शिकली ती अशा मुलांना शिकवण्यासाठी, ज्यांची भाषाही मराठी नव्हती. पहिलीच्या वर्गात शिकवणारी मल्याळी, शिकणारे मूल माडिया, आणि दोघांच्या मध्ये बालभारतीचे मराठी पुस्तक. मराठी त्या खोलीत कुणाचीच नव्हती. एरवी शाळेत भाषा ही शिक्षकाची मालमत्ता असते. ती त्याच्या घरची असते, तिच्यावर त्याचा हक्क असतो, आणि मुलाच्या चुकीला तो हसू शकतो. ह्या खोलीत हसण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. सिस्टरचे ‘ळ’ आणि मुलाचे ‘ळ’ दोन्ही पाहुणेच.

माझ्या विद्यार्थिनीने ह्याच संदर्भात मला एक हकीकत सांगितली. शाळेच्या सुरुवातीच्या काळात तेथे एक वयस्क सिस्टर होत्या. त्या चिंचोके मांडून मुलांना अंक शिकवत. ‘एक, दोन, तीन’ म्हणून घेत, मुले मागोमाग म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी सारे पुसलेले असे. एकदा मधल्या सुट्टीत दोन मुली अंगणात चिंचोक्यांनी खेळत होत्या आणि आपल्या भाषेत मोजत होत्या. तीनसाठी त्या म्हणाल्या ‘मूंड’ आणि चारसाठी ‘नालुंग’. सिस्टर दारातच थांबल्या. मल्याळममध्ये तीनला ‘मून्नु’ म्हणतात आणि चारला ‘नालु’. त्या मुलींजवळ बसल्या आणि त्यांनी आपल्या भाषेत मोजून दाखवले. मुली आधी दचकल्या, मग खदखदून हसल्या. त्या दिवसापासून त्या वर्गात अंक आधी माडियात मोजले जात, मग सिस्टरांच्या भाषेत, आणि मग मराठीत. ही हकीकत सांगणारी माझी विद्यार्थिनी त्या दोघींपैकी एकीची धाकटी बहीण.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल नाही. गोंडी आणि तिची माडिया बोली द्रविड कुळातल्या, मल्याळमही द्रविड कुळातली. मधली मराठी तेवढी वेगळ्या कुळातली. हजार-बाराशे किलोमीटर दूरची सिस्टर आणि जंगलातले मूल हे अंकांच्या बाबतीत एकमेकांना, मराठीपेक्षा, अधिक जवळचे होते. पुस्तकातून हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. पण एखाद्या प्राथमिक शाळेत ते एका दुपारी कुणाच्या तरी कानावर पडते आणि शिकवण्याची रीत बदलते, हे मला नवे होते. त्या शाळेचे वय मोजायचे असेल तर ते त्या मधल्या सुट्टीपासून मोजावे असे मला वाटते. त्याआधी तेथे इमारत होती, हजेरीपट होता, शिक्षक होते, मुले होती. शिक्षकाने मुलाचे बोलणे ऐकले तेव्हा तेथे शाळा आली.

मिशन आणि लोकभाषा यांच्या नात्याची कथा मराठीला अपरिचित नाही. किंबहुना आपल्या वाङ्मयेतिहासाचे एक मानाचे पान तिचेच आहे. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, सासष्टीत राहिला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक असते, कारण त्यात मराठीची थोरवी गायलेली आहे आणि स्वतःची थोरवी ऐकायला कुणाला आवडत नाही? पण त्याच स्टीफन्सचे दुसरे पुस्तक आपल्या वर्गांत क्वचितच उल्लेखले जाते. त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, राचोलच्या छापखान्यातून ‘दौत्रीना क्रिस्तां’ निघाले. गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांतून धर्माची प्राथमिक ओळख करून देणारी ही पोथी मुलांसाठी होती, आणि ती कोकणीत होती. ज्या माणसाला मराठीत पुराण रचता येत होते, त्याने मुलांच्या धड्यासाठी मुलांच्या तोंडची भाषा निवडली. प्रौढांच्या श्रवणाची भाषा एक आणि मुलांच्या पहिल्या पाठाची भाषा दुसरी, हा विवेक त्याच्यापाशी होता. आपण त्याच्या पहिल्या पुस्तकाचा अभिमान बाळगतो. दुसऱ्या पुस्तकाचा अर्थ आपण लक्षात घेतलेला नाही.

पुढे तो विवेक टिकला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. भाषा अर्थात फर्मानाने मेली नाही, पण लिहिण्या-शिकण्याच्या जागेवरून ती हटली. त्यानंतर तीनशे वर्षांनी त्याच गोव्यात ह्या कथेचा आणखी एक अध्याय घडला. १९९० मध्ये गोवा सरकारने असे धोरण ठरवले की प्राथमिक शाळांना अनुदान हवे असेल तर माध्यम प्रादेशिक भाषेचे असावे. चर्चच्या प्राथमिक शाळा तोवर प्रामुख्याने इंग्रजी होत्या. त्यांनी माध्यम बदलून कोकणी केले. म्हणजे ‘दौत्रीना’नंतर जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी कोकणी पुन्हा मिशनच्या पहिलीच्या वर्गात शिरली. पण पालकांची ओढ इंग्रजीकडेच राहिली, आणि २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुले केले. त्यावर मोठी आंदोलने झाली. वसईचे चित्र निराळे. तेथील कॅथॉलिक समाजाने कुपारी, वाडवळी अशा घरच्या बोली जपत शाळेत, चर्चमध्ये आणि नियतकालिकांत मराठी आपली मानली. त्या मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही उदाहरणे एका ओळीत ठेवली की दिसते, की मिशनच्या शाळेची म्हणून कोणतीच एक भाषा नाही. शासन काय देते, पालक काय मागतात, आणि शिक्षकाचा कान किती उघडा आहे, ह्या तिन्हींच्या ओढाताणीतून ती ठरते.

महोत्सवाच्या दिवशी मी गेलो तो ह्या विचारांची गाठोडी घेऊनच. सकाळी मिस्सा झाली. शाळेतील बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे चर्चमध्ये गर्दी बेताची होती. दहाच्या सुमारास मंडप भरला. लेझीम झाले, पाहुण्यांचे स्वागत झाले, शाल आणि श्रीफळ झाले. मी सवयीने कोण कोणत्या भाषेत बोलते हे टिपत होतो. स्वागतगीत हिंदी. चौथीतल्या मुलीचे पाठ केलेले भाषण इंग्रजी, आणि तिने ते एकदाही न अडखळता म्हटले. पाहुण्यांची भाषणे मराठी. मुख्याध्यापिका सिस्टरांचे अहवालवाचन मराठीत, मल्याळम लयीचे, पण व्याकरणाच्या दृष्टीने पाहुण्यांपेक्षा कितीतरी शुद्ध. फलकावर इंग्रजी आणि मराठी. आणि मग निवेदकाने घोषणा केली, ‘‘आता सादर होत आहे आदिवासी नृत्य.’’

मुले रेला नाचू लागली. हात एकमेकांत गुंफलेले, पावले एका तालावर. आधीच्या प्रत्येक कार्यक्रमात पडद्याआड एक शिक्षिका मुलांना पुढचा शब्द सुचवत उभी होती. ह्या वेळी ती तेथे नव्हती. तिची गरज नव्हती. मंडपाच्या मागच्या बाजूला, खुर्च्या संपतात तेथे, जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या बायका इतका वेळ निमूट होत्या. त्यांनी दुसऱ्या कडव्यापासून सूर धरला. समोरच्या रांगेतले आम्ही पाहुणे टाळ्या वाजवत होतो. गाण्याचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हता आणि तो विचारावा असेही कुणाला वाटले नाही. त्या सबंध दिवसात माडिया भाषा व्यासपीठावर आली ती एवढीच, नाचाच्या साथीला. भाषण, अहवाल, आभार, सूचना ह्या कामांसाठी तिला कुणी बोलावले नव्हते. ज्या शाळेत तीन आणि चार हे अंक त्या भाषेत मोजले गेले होते, तेथेही नाही.

ह्यात शाळेचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आश्रमशाळेत, आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातही हेच घडते. समारंभाची एक प्रतवारी आपण सर्वांनी मिळून ठरवलेली आहे: कामाच्या भाषा वेगळ्या आणि कौतुकाच्या भाषा वेगळ्या. ज्या भाषेचे केवळ कौतुक होते, तिच्यावर कुणी काम सोपवत नाही.

जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक पालक बसले होते. पोराला ह्या शाळेत का घातले, असे मी विचारले. त्यांनी सरळ उत्तर दिले. ‘‘घरची भाषा काही कुठल्याच शाळेत नाही शिकवत, सर. परकीच भाषा शिकायची आहे तर मग इंग्रजीच का नको?’’ मराठीच्या प्राध्यापकाला ह्याहून अवघड प्रश्न कुणी विचारू शकेल असे मला वाटत नाही. इंग्रजी माध्यमाच्या वाढीविषयी आपण मराठीचे लोक जे लिहितो, त्यात पालकांच्या मोहाचा, न्यूनगंडाचा, अनुकरणाचा उल्लेख असतो. विदर्भात तर ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द मठाचा अर्थ सोडून कुठल्याही इंग्रजी बालवाडीला लागलेला आहे. हिंदू देवांच्या आणि संतांच्या नावांपुढेही तो बिनदिक्कत लावला जातो, आणि त्यावर आपण विनोद करतो. पण ह्या पालकांच्या बोलण्यात मोह नव्हता, हिशेब होता. सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज भरून निघालेले ट्रक ते रोज पाहतात. खाणीवर कुणाला कोणते काम मिळते आणि ते काम देणारे कोणत्या भाषेत बोलतात, हेही पाहतात. त्यांच्या दृष्टीने मराठी ही आपली भाषा आणि इंग्रजी परकी, असे नाही. दोन्ही परक्या. त्यांतली एक तालुक्यापर्यंत नेते आणि दुसरी त्याच्या पुढे.

माझी स्वतःची घरची बोली झाडी. तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ नाही. आमच्या घरी अजून ‘पानी’च पितात. शाळेत गेल्यावर मलाही पुस्तकाची मराठी शिकावी लागली. पण माझ्यासाठी ती घरातल्याच दुसऱ्या खोलीसारखी होती, उंबरठा ओलांडला की पोहोचलो. माडिया मुलासाठी ती दुसरे गाव आहे. ते घराला ‘लोन’ म्हणते आणि पाण्याला ‘येर’. त्याच्यापुढे आपण अंकलिपी ठेवतो आणि म्हणतो, ‘अ अननसाचा, आ आगगाडीचा’. ह्या जिल्ह्यात आगगाडी दिसते ती पार उत्तर टोकाला, वडसा-देसाईगंजला. अननसाविषयी न बोललेलेच बरे. म्हणजे मुलाला अक्षर, शब्द आणि वस्तू ह्या तिन्ही अपरिचित गोष्टी एकदम शिकायच्या असतात, आणि ते गप्प बसले की आपण नोंद करतो, ‘अभ्यासात मागे’.

हे मी कुणा शासनाविरुद्ध लिहीत नाही, आपल्याविषयी लिहितो आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि मराठी समाजात त्याविरुद्ध मोठी प्रतिक्रिया उमटली. जूनमध्ये शासनाने आधी तो निर्णय सौम्य केला आणि २९ जूनला दोन्ही आदेश रद्द केले. त्या काळात मराठीच्या बाजूने जे युक्तिवाद झाले ते मी कात्रणे काढून जपून ठेवले आहेत, कारण ते उत्तम होते. लहान मुलावर परक्या भाषेचे ओझे टाकू नये, आधी मातृभाषा पक्की होऊ द्यावी, भाषा लादल्याने ती शिकवली जात नाही, मुलाचे मन घरच्या भाषेतच फुलते. शब्दन् शब्द मला मान्य आहे. आता त्या कात्रणांत ‘मराठी’च्या जागी ‘माडिया’ आणि ‘हिंदी’च्या जागी ‘मराठी’ घालून वाचावे. एकही युक्तिवाद लंगडा पडत नाही. जे तत्त्व आपण मुंबईत मागतो ते एटापल्लीत द्यायची वेळ आली की आपल्याला व्यवहार आठवतो: शिक्षक कुठून आणायचे, पुस्तके कुठली, पुढे त्याचा उपयोग काय. दिल्लीनेही आपल्याला हेच विचारले असते.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. राज्यघटनेच्या ३५०-क ह्या अनुच्छेदात, भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी असे १९५६ पासून लिहिलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही, शक्य असेल तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे, हे कलम आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे लोक देशात सुमारे तीस लाख होते, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली, आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ज्या ग्रामसभेने शासनाची वाट न पाहता घटनेतला हेतू अमलात आणला, तिलाच मान्यतेचा कागद दाखवण्यास सांगावे, ह्यातला विरोधाभास मराठीच्या कोणत्याही नाटककाराला सुचला नसता.

ह्या भागातील दुसरी एक जुनी शाळा म्हणजे भामरागड तालुक्यातील हेमलकशाची. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस तेथे सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पात आले, त्यांनी रोग्यांचे बोलणे कळावे म्हणून आधी माडिया शिकून घेतली, आणि १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली. तिची पन्नाशी २०२६ ची. तो प्रकल्प कोणत्याही धर्मसंस्थेचा नाही आणि चांद्याचे मिशन बाबा आमट्यांच्या परंपरेतले नाही. तरीही दोन्हींच्या आरंभी एकच कृती दिसते: बाहेरून आलेला माणूस आधी ऐकायला बसला. दवाखान्यात हे अपरिहार्य असते. पोट कुठे दुखते हे रोग्याच्याच भाषेत समजून घ्यावे लागते, नाहीतर औषध चुकते. शाळेत तसे होत नाही. तेथे मूल समजले नाही तरी धडा पुढे सरकतो, आणि चुकलेल्या औषधाचा परिणाम दिसायला पाच-सात वर्षे जातात. दिसतो तेव्हा मूल शाळेत नसते.

स्मरणिकेसाठी मी अखेर जे दोन पानी टिपण पाठवले, त्यात ‘मातृभाषेचे महत्त्व’ हा निबंध लिहिला नाही. तीन साध्या सूचना केल्या. पहिली, स्मरणिकेत संस्थापकांच्या छायाचित्रानंतरचे एक पान मुलांच्या आज्यांकडून गोळा केलेल्या माडिया शब्दांचे असावे, देवनागरीत लिहिलेले, शेजारी मराठी आणि इंग्रजी अर्थ. दुसरी, पुढच्या वर्षीपासून पहिलीच्या वर्गात किमान पहिले सहा महिने माडिया बोलणारी शिक्षिकाच असावी, आणि ती वर्गात माडियात बोलते म्हणून तिला कुणी टोकू नये. तिसरी, वार्षिक कार्यक्रमात आभारप्रदर्शन माडियात व्हावे. ह्या तिसऱ्या सूचनेचे माझ्या सहकाऱ्यांना हसू आले. पण मी ती विचारपूर्वक केली होती. आभार हे समारंभातले शेवटचे आणि अगदी व्यवहाराचे काम आहे. मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे, विजेची जोडणी करून देणाऱ्याचे नाव घ्यावे लागते. नाच-गाण्याबाहेरचे काम त्या भाषेवर कुठून तरी सोपवायला सुरुवात करायला हवी, आणि समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांनी वर्षातून पाच मिनिटे न कळणारी भाषा ऐकत बसण्याने त्यांचे काही बिघडणार नाही. मुले वर्षभर ऐकत बसतात.

शब्दांचे पान छापले गेले. पस्तीस शब्द आहेत, दोन-तीन ठिकाणी मुद्रणदोष आहेत, आणि खालच्या कोपऱ्यात एका कृषिसेवा केंद्राची जाहिरात आहे. ‘मूंड’ आणि ‘नालुंग’ अंकांच्या रकान्यात आहेत. बाकी सूचनांवर विचार चालू आहे असे विद्यार्थिनीने कळवले. मिशनच्या शाळेवरही मान्यता, माध्यम, पटसंख्या आणि पालकांची पसंती यांची बंधने आहेत, हे मी जाणतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयात आम्ही पेढे वाटले. पेढे घेणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या भाषेला साधे पाठ्यपुस्तकही नाही, ह्याची आठवण त्या दिवशी कुणी काढली नाही. अभिजात म्हणजे थोर आणि प्राचीन. थोरांनी लहानांशी कसे वागावे याविषयी मराठी संतांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. ते सगळे माणसांपुरतेच होते, भाषांना लागू नाही, असे मानायला मला तरी काही आधार सापडत नाही.